हेडफोन घेताय? आधी कानाचा विचार करा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी भाची पोलीस भरतीची तयारी करते. भाऊ, वहिनी, आबा आणि तीन पोरं अशी सहा माणसं दहा बाय बाराच्या खोलीत राहतात. संध्याकाळी सातला आबांचा टीव्ही सुरू होतो. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. वर पत्र्यावर पाऊस, बाहेर गल्लीत पोरांचा दंगा. आणि नेमकं त्याच वेळेला तिचं अंकगणिताचं ऑनलाइन लेक्चर. कानात रस्त्यावरच्या गाड्यावरून दीडशे रुपयांना घेतलेला इयरफोन आणि मोबाईलचा आवाज पार शेवटपर्यंत चढवलेला.

एक दिवस ती म्हणाली, "आत्या, रात्री झोपताना कानात शीळ वाजल्यासारखं होतंय गं. लांबून कुकरची शिट्टी यावी तसं."

मी नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात बरीच वर्षं काढली. कानात शीळ वाजते म्हणजे कान काहीतरी सांगतोय, हे मला माहीत आहे. आणि आमच्या घरात हे सांगणं एकदा दुर्लक्षित झालेलं आहे. आबांनी उमेदीची तीस वर्षं इचलकरंजीच्या यंत्रमागावर काढली. मागाच्या शेडमध्ये दोन माणसं शेजारी उभी राहिली तरी एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. त्या वेळी कानात प्लग घालायला कुणी सांगितलं नाही. आज आबांना हाक ऐकू येत नाही, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. टीव्ही मोठा म्हणून नातीचा इयरफोन मोठा. एका कानाचं दुखणं दुसऱ्या कानात असं उतरत होतं.

शेवटी तिला घेऊन मी राजारामपुरीत हेडफोन घ्यायला गेले. खिशात सहाशे रुपये. त्या खरेदीत जे बघितलं, पारखलं, ते आज या पानावर लिहिते. आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत आज कुणी ना कुणी कानात काहीतरी घालून शिकतं, गाणी ऐकतं किंवा कामावर फोन घेतं.

कान बिघडतो म्हणजे काय होतं?

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक बारीक अवयव असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ ते १६ हजार केसपेशी असतात. आवाज आला की या पेशी हलतात आणि मेंदूला निरोप देतात. वाऱ्याने जोंधळ्याचं पीक डोलतं तसं समजा. वारा थांबला की पीक पुन्हा उभं राहतं. पण वादळ रोज आलं तर पीक आडवं होतं. फरक एवढाच की शेतात पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं, पण माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. गोळी नाही, ड्रॉप नाही, ऑपरेशन करून त्या परत आणता येत नाहीत.

आधी मरतात त्या बारीक, टोकदार आवाज पकडणाऱ्या पेशी. म्हणून सुरुवातीला माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'स', 'श', 'फ', 'थ' ही अक्षरं निसटतात. कुणी 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं. घरचे म्हणतात, लक्ष नाही. मास्तर म्हणतात, पोरगं ढ आहे. खरं तर कान अर्धा गेलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ वयातल्या १०० कोटींहून जास्त तरुणांना मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे बहिरेपणाचा धोका आहे. यात आपलीही पोरं आली.

आठवड्याचा आवाजाचा हिशोब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं. मोबाईल पूर्ण आवाजावर ठेवला तर इयरफोनमधून १०० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज कानात जाऊ शकतो.

डेसिबलचा हिशोब रुपयांसारखा नाही. आवाज फक्त ३ डेसिबल वाढला की कानावर पडणारी त्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याची मर्यादा अशी दिली आहे:

- ८० डेसिबल : आठवड्याला ४० तास
- ८५ डेसिबल : साडेबारा तास
- ९० डेसिबल : ४ तास
- ९५ डेसिबल : सव्वा तास
- १०० डेसिबल : जेमतेम २० मिनिटं

हे आठवड्याचं आहे, दिवसाचं नव्हे. लहान मुलांचे कान नाजूक, त्यांच्यासाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलवरच संपते. माझी भाची रोज तीन तास पूर्ण आवाजात लेक्चर ऐकत होती. म्हणजे आठवड्याचा कोटा ती पहिल्याच दिवशी पहिल्या अर्ध्या तासात संपवत होती.

आपल्या साध्या फोनवर डेसिबल दिसत नाहीत. म्हणून सोपा नियम धरा : आवाजाची पट्टी निम्म्यावर, फार तर ६० टक्क्यांवर. आणि तासभर ऐकलं की दहा मिनिटं कान मोकळे. काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते. ती मुलांच्या फोनला आजच लावा.

आवाज का वाढवावा लागतो?

खरा प्रश्न इथे आहे. पोरं हौसेने आवाज वाढवतात असं आपण म्हणतो. पण वस्तीतल्या घरात शांतता नसते. बाहेरचा गोंगाट जेवढा, त्याच्या वर लेक्चरचा आवाज न्यावा लागतो. बंगल्यातल्या पोराला तेच लेक्चर चाळीस टक्क्यांवर ऐकू येतं. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करायचे. वडील त्यांना रात्री दोनला उठवायचे, कारण तेव्हाच खोली शांत असायची. आज रात्री दोनला उठणं सगळ्यांना जमत नाही. पण बाहेरचा आवाज थोडा अडवता आला तर आतला आवाज कमी ठेवता येतो.

म्हणून कमी पैशात हेडफोन घेताना एकच गोष्ट बघायची : कुठला हेडफोन घातल्यावर मला कमी आवाजात स्पष्ट ऐकू येतं? दुकानदार सांगेल, 'ताई, याचा आवाज लई मोठा हाय', 'बेस बघा कसला धमाका हाय'. मोठा आवाज हा हेडफोनचा गुण नव्हे. कमी आवाजात शब्द कळणं हा गुण.

कुठला प्रकार कुणाला?

१. कडक प्लास्टिकचे, रबर नसलेले इयरफोन. कानाच्या तोंडाशी नुसते अडकतात. बाजूने सगळा गोंगाट आत येतो. स्वस्त असतात, पण गोंगाटाच्या घरात यांच्यामुळेच आवाज वाढवावा लागतो. शांत जागी, थोडा वेळ, फोनवर बोलायला ठीक.

२. रबराच्या टोपीचे वायरवाले इयरफोन. साधारण ३०० ते ६०० रुपये. सिलिकॉनची टोपी कानाचं भोक नीट बंद करते, बाहेरचा आवाज अडतो. चार्जिंगची भानगड नाही, बॅटरी मरत नाही. अभ्यास करणाऱ्या तरुण पोरापोरींसाठी माझ्या मते कमी पैशातली सगळ्यात चांगली निवड हीच. फक्त तुमच्या फोनला गोल पिन लागते की टाइप-सी, ते बघून घ्या.

३. डोक्यावरून घालायचे, कान झाकणारे हेडफोन. वायरवाले ७०० ते दीड हजारात मिळतात. ज्यांचा कान फुटतो, कानात खाज येते किंवा कानात काही घातलं की दुखतं, त्यांनी हेच घ्यावेत. शाळकरी मुलांनाही हेच बरे, शक्यतो आवाजाची मर्यादा असलेले. उशी कानाच्या भोवती बसली पाहिजे, कानावर दाबली जाता कामा नये.

४. गळ्यातले नेकबँड आणि सुटे ब्लूटूथ इअरबड. ८०० ते दोन हजार. कामावर फिरताना फोन घ्यावा लागणाऱ्यांना सोयीचे. पण बॅटरी दोनेक वर्षांत थकते आणि ती बहुधा बदलून मिळत नाही. सुटा बड एक जरी हरवला तरी जोडी गेली. फक्त अभ्यासासाठी एवढा खर्च करायची गरज नाही.

खोक्यावरच्या शब्दांना भुलू नका

'२० ते २०,००० हर्ट्झ' हे जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं, त्यावरून काही ठरत नाही. 'ड्रायव्हर' मोठा म्हणजे आवाज चांगला असंही नाही.

सगळ्यात जास्त फसगत दोन शब्दांत होते. 'ईएनसी' लिहिलं असेल तर फोनवर बोलताना तुमच्या भोवतीचा गोंगाट *समोरच्याला* कमी ऐकू जातो. तुमच्या कानातला गोंगाट त्याने कमी होत नाही. तुमच्या कानातला गोंगाट कमी करतं ते 'एएनसी'. पंख्याची घरघर, गाडीचं इंजिन असा एकसारखा आवाज त्याने चांगला कमी होतो, माणसांचं बोलणं तेवढं नाही. एएनसी बहुधा दीड-दोन हजारांपासून पुढे मिळतं. आम्हाला एका दुकानात आठशेच्या नेकबँडवरचं ईएनसी दाखवून 'बाहेरचं काही ऐकू येणार नाही' असं सांगितलं. कानात घातलं, तर रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न जसाच्या तसा. फक्त 'नॉइज कॅन्सलेशन' म्हणून विकत असतील तर विचारा : माझ्यासाठी की समोरच्यासाठी?

वायरलेस वस्तूवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो खरा की खोटा हे 'बीआयएस केअर' या मोफत ॲपवर टाकून बघता येतं. खोक्यावर किंमत, बनवल्याचा किंवा आयात केल्याचा महिना-वर्ष, कंपनीचा पत्ता आणि तक्रारीचा नंबर हवा. नामांकित कंपनीचं नाव आणि दीडशे रुपये किंमत, असं असेल तर ती नक्कल समजा.

दुकानातली पाच मिनिटं

भाचीने दुकानात हे केलं, तुम्हीही करा. काउंटरवर गर्दी असली तरी संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

१. स्वतःचा फोन आणि स्वतःचं लेक्चर न्या. दुकानदाराच्या गाण्यावर पारखू नका. गाणं कशावरही बरं वाटतं, शब्द कळतात का ते बघायचं आहे.

२. फोनचा आवाज आधीच निम्म्यावर ठेवा. तेवढ्यावर प्रत्येक शब्द कळला पाहिजे.

३. रबराच्या तिन्ही मापाच्या टोप्या लावून बघा. दोन कानांना दोन वेगळी मापंही लागू शकतात. टोपी नीट बसली की दुकानातल्या पंख्याचा आवाज लांब गेल्यासारखा होतो आणि आपलं स्वतःचं बोलणं माठात बोलल्यासारखं घुमतं. असं झालं नाही तर माप चुकलं. माप चुकलं की बेसही जातो आणि माणूस आवाज वाढवतो.

४. दोन्ही कानांत सारखा आवाज येतो का बघा. वायर पिनेपाशी हलवून बघा, खरखर आली तर दुसरा मागा.

५. एक फोन लावून घरच्यांना विचारा, माझं बोलणं स्पष्ट येतंय का.

६. तारखेचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी किती महिन्यांची ते त्यावर लिहून घ्या. वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो.

आम्ही पाच जोड पारखले आणि ४९९ रुपयांचा रबर टोपीवाला वायरचा जोड घेतला. भाचीला छोटं माप बसलं. आधीच्या इयरफोनवर जे लेक्चर ती पूर्ण आवाजात ऐकायची, ते रस्त्याकडेच्या दुकानात निम्म्यावर कळलं. वहिनीला पाचशे रुपये जास्त वाटले. पण दीडशेचे इयरफोन वर्षात तीन मोडले होते. साडेचारशे तिकडेही गेलेच होते, वर कान.

वापरताना

- रबर टोपी घालून रस्त्याने चालू नका, सायकल-गाडी चालवू नका. हायवे ओलांडताना, रेल्वे फाटकाशी कान मोकळे हवेत. घरात गॅसवर काही असेल किंवा लहान मूल सांभाळत असाल तर एक कान उघडा ठेवा.
- कानात घालून झोपू नका.
- एकाचे इयरफोन दुसऱ्याने वापरू नयेत. भावाभावांतही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कानात बुरशी धरते, ती अशीच घरभर फिरते. द्यायचेच झाले तर टोपी बदलून द्या.
- आठवड्यातून एकदा टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून मगच लावा. बाकीचा भाग कोरड्या फडक्याने पुसा.
- कानातला मळ काडी, पिन, किल्लीने काढू नका. इयरबडने मळ आणखी आत जातो. गरम तेल तर अजिबात नको.
- जयंतीची मिरवणूक असो की गणपतीची, साउंडच्या भिंतीजवळ उभं राहू नका, लेकरांना खांद्यावर घेऊन तर नाहीच. कापसाच्या बोळ्याने हा आवाज अडत नाही, मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग काही प्रमाणात अडवतात. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी इयरफोन बंद, कानाला सुट्टी.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

कानात शीळ किंवा गुणगुण एक-दोन दिवसांत थांबली नाही, ऐकून झाल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटले, 'काय म्हणालास?' असं वारंवार विचारावं लागलं, मूल टीव्हीच्या अगदी जवळ बसू लागलं, तर तपासणी करा. कानातून पाणी किंवा पू येत असेल तर कानात काहीही घालू नका. आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा : एका कानाने अचानक, एका दिवसात ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. या आजारावर उपचार लवकर झाला तरच उपयोग होतो.

कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, कान-नाक-घसा विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. देशात २००७ पासून बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. सरकारी दवाखान्यात कान दाखवणं हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

भाचीला मी आधी तिथेच नेलं होतं. तपासणीत ऐकणं शाबूत निघालं. पंधरा दिवस कानात काही घालायचं नाही असं सांगितलं. शीळ हळूहळू थांबली. वेळेत कळलं म्हणून. भरतीत शेवटी वैद्यकीय तपासणी असते. मैदान मारून, पेपर काढून पोरगी कानापायी मागे राहिली असती तर दोष कुणाला दिला असता?

आणि आबांचा टीव्ही?

हेडफोन घेऊन आलो त्या संध्याकाळी टीव्ही तेवढाच मोठा होता. मग आबांनाही नेलं. आधी तयार नव्हते. "ह्या वयात आता कान घिऊन काय करू?" म्हणाले. नातीने सांगितलं, "आबा, तुमचा कान बरा झाला तर माझा अभ्यास हुईल." तेव्हा उठले.

एक सावधगिरी सांगते. पाचशे-हजारात मिळणारं 'कानाचं मशीन' तपासणीशिवाय घेऊ नका. ते सगळाच आवाज सरसकट वाढवतं, उरलेल्या कानालाही इजा होऊ शकते. आधी ऑडिओमेट्री नावाची तपासणी, मग त्या मापाचं श्रवणयंत्र. पैशाची अडचण असेल तर केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेत दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या कमी उत्पन्नाच्या व्यक्तींना श्रवणयंत्र मोफत किंवा सवलतीत मिळतं. साठीपुढच्या गरीब ज्येष्ठांसाठी 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आहे. कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात, हे खरं. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी एक-एक म्हाताऱ्याचे कागद करून दिले तरी मोठं काम होईल.

आबांना यंत्र मिळायला चार महिने लागले. आज टीव्हीचा आवाज निम्म्यावर आला आहे, आणि नातीच्या फोनचाही. हेडफोन ४९९ चा होता, पण घर शांत झालं ते दोघांचेही कान तपासल्यावर.

प्रत्येक घराला हे लगेच जमेल असं नाही. पण संध्याकाळी सात ते नऊ गल्लीतले टीव्ही आणि स्पीकर हळू ठेवायचे, एवढं तरी ठरवता येईल. ज्या विहारात अभ्यासिका नाही तिथे त्या दोन तासांसाठी दार उघडता येईल. येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर हा विषय मांडा. त्याला एक रुपयाही लागत नाही, आणि ज्या पोराकडे हेडफोनला पैसे नाहीत त्यालाही त्याचा उपयोग होतो.

सप्रेम जयभीम!